हौदाचा तळ

१४ फेब्रुवारी १९३७, धुळे

आज हौद पाहिला. खरं तर पाहण्याआधी त्याचा वास आला. व्यायामशाळेच्या फाटकातून आत शिरलो आणि कुजक्या अंड्यांसारखा भपकारा नाकात गेला. तो रात्रीच्या ताटापर्यंत माझ्यामागे आला आहे.

अमळनेरच्या शाळेतली ड्रिल मास्तरची कायम नोकरी सोडून मी इथे आलो तो पोरांना पोहायला शिकवायला. घेवरचंद सेठजींनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने हा हौद बांधून व्यायामशाळेला दिला. बांधकामाला नाव ठेवायला जागा नाही. घडीव दगड, सिमेंटचा गिलावा, चारी बाजूंनी फरसबंदी, एका टोकाला पायऱ्या, दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोली. संगमरवरी पाटीवर 'भिकमचंद घेवरचंद यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं आहे. फक्त आत पाणी नाही. आत जे आहे त्याला पाणी म्हणवत नाही.

वर शेवाळाची जाड साय. एक उंदीर मरून, फुगून त्या सायीवर उताणा पडलेला. काठीने साय बाजूला केली तर खाली आमटीसारखा गढूळ रंग आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. काठीचं टोक वीतभर आत गेलं आणि दिसेनासं झालं.

उखर्डू नावाचा रखवालदार आहे. "हे असं कधीपासून?" म्हणून विचारलं.

"दिवाईपासून भरेल शे," तो म्हणाला, आणि माझ्यादेखत उकिडवा बसून त्याच पाण्याने त्याने खळखळून चूळ भरली.

मी काठी तिथेच टाकली आणि फाटकाबाहेर आलो.

१५ फेब्रुवारी

सेठजींना पेढीवर भेटलो. किरकोळ अंगाचे, पांढऱ्या पगडीचे, हळू बोलणारे गृहस्थ. कापसाचा मोठा व्यापार आहे, पण अंगावर त्याचा डौल नाही. व्यायामशाळेचे चिटणीस सोबत होते. ते म्हणाले, "पाडव्याला उद्घाटन झालंच पाहिजे. फार तर अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यानंतर पाट बंद होतो, मग पाणी नाही. आणि हौद सुरूच झाला नाही तर तुमच्या जागेचंही आम्हाला बघावं लागेल."

सेठजी म्हणाले, "घाई कशाला, मास्तरजी? सावकाश करा. फक्त एक सांगतो, पाण्यातले जीव मरायला नकोत. आमच्या धर्मात ते चालत नाही."

त्या घाणीतल्या अळ्यांची कोणाला एवढी माया असू शकते, हे मला नवीनच होतं. मी "बरं" म्हणालो.

१९ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहितानाही अंगावर शहारे येतात. हौद रिकामा करायचा, पण जीव मारायचा नाही. म्हणून पाणी शेजारच्या मळ्यात सोडताना मोरीच्या तोंडाशी टोपली धरून मी आणि उखर्डू बसलो. बेडूक, बेडकांची पिल्लं, बोटभर मासे, पाणकिडे, सगळं टोपलीतून घागरीत आणि घागर डोक्यावर घेऊन पांझरा नदीपर्यंत. वाटेत एक बेडूक घागरीतून उडी मारून माझ्या मानेवरून सदऱ्यात शिरला. भर बाजारात मी सदरा काढून नाचलो. कापडाच्या दुकानातली माणसं हसत होती. बडोद्याला शिकून आलेला पोहण्याचा मास्तर!

घरी आल्यावर बायकोने, सुंदरने, चुलीजवळ बसू दिलं नाही. "पहिले आंग धुईसन या," म्हणाली. ती साक्रीकडची. घर शेणाने सारवताना कधी नाक मुरडत नाही, पण माझ्या अंगाचा वास तिला सोसेना.

मलाही सोसत नव्हता.

२२ फेब्रुवारी

तळाचा गाळ काढला. गुडघाभर. काळा, तुपट, गार. पाय घातला की बोटांच्या फटींतून वर येतो आणि पाय ओढला की एक घाणेरडा आवाज होतो. त्यात काय काय निघालं: बाईच्या अंगावरची चोळी, एक जोडा, आंब्याच्या कोयी, केसांचे गुंतवळ, कोंबडीची पिसं, म्हशीच्या गळ्यातली घंटा. हे सगळं हौदात आलं कुठून? हौदाला तर चारी बाजूंनी भिंत आहे.

उखर्डू म्हणाला, "पाटनं पानी. पाटम्हा जे ऱ्हास ते बठ्ठं आठे येस."

म्हणजे पाटात जे असतं ते सगळं इथे येतं. उद्या पाट पाहायला जायचं.

२३ फेब्रुवारी

गेलो नसतो तर बरं झालं असतं. हौदापासून पाटाच्या काठाने वर चालत गेलो. पांझरेच्या बंधाऱ्यापाशी पाणी निघतं तेव्हा चांगलं असतं, कोणीही ओंजळीने प्यावं असं. पुढे काय होतं ते पाहिलं. पहिल्या वळणावर म्हशी बसलेल्या, शेपट्यांनी पाठीवर शेण उडवत. पुढे धुणं. पुढे रंगाऱ्यांची भांडी, पाण्यात लाल आणि निळे पट्टे. पुढे एक माणूस बैलाचे पाय धूत होता आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर दुसरा दात घासत होता. एका जागी काठावर जे बसलेले होते त्यांच्याविषयी लिहीत नाही.

कोणालाच किळस वाटत नाही! मी एकाला म्हणालो, "अरे, हे पाणी लोक अंगावर घेतात." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मंग? वाहतं पानी शे ना."

जेवलो नाही.

७ मार्च

हौद पुन्हा भरून तुरटी फिरवली. मोठाले खडे फडक्यात बांधून, दोरीने काठाकाठाने ओढत दोन दिवस दोघं फिरलो. आज सकाळी चमत्कार! गाळ खाली बसला. पायऱ्या एकापाठोपाठ एक दिसायला लागल्या. खोल टोकाला अजून तळ दिसत नाही, पण हिरवट उजेड आतपर्यंत जातो. मला इतका आनंद झाला की उखर्डूच्या पाठीवर थाप मारली.

सेठजींना बोलावणं धाडलं. ते आले. हौदापासून चांगले लांब, कडुनिंबाखाली उभे राहिले. "पुढे या ना," म्हटलं, पण आले नाहीत. तिथूनच पाहत होते. "किती खोल आहे?" म्हणून विचारलं. बांधला त्यांनीच, नि खोली मला विचारतात!

"दोन पुरुष," मी म्हणालो.

"फार आहे," म्हणाले आणि गेले.

८ मार्च

सकाळी जाऊन पाहतो तर हौद गढूळ! पुन्हा तीच आमटी. वर शेणाचे गोळे तरंगताहेत. पाटाची मोरी सताड उघडी.

उखर्डूच्या अंगावर धावून गेलो. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "शेठनी सांगं, पानी कमी वाटस, मोरी उघडी दे. मी उघडी दिधी."

इतक्या दिवसांची मेहनत. दोन दिवस खांद्याला दोरीचे वळ. श्रीमंत माणसाच्या लहरीपुढे कोण बोलणार? पाणी कमी वाटतं म्हणे. काठोकाठ तर होतं.

१२ मार्च

पुन्हा तुरटी. तुरटीने माझ्या हातांची सालं निघाली आहेत.

संध्याकाळी सुंदर भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या शेठना पोऱ्या पांझरम्हा बुडना व्हता. तुमले माहीत नही?"

माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ताप वगैरे. शेजारच्या बेबाबाईने तिला सांगितलं. श्रावणात पूर होता. पोरगा मित्रांबरोबर उतरला. लोक काठाने पळत होते, पण पाणी इतकं गढूळ की कोण कुठे गेलं काही दिसेना. सेठजी काठावरच उभे होते. तिसऱ्या दिवशी खाली कापडणे गावाच्या बाजूला सापडला.

"मी सांगू का?" सुंदर म्हणाली. "त्याले हौद उघडानाच नही शे."

मी म्हटलं, उघडायचा नाही तर बांधला कशाला? बायकांचं तर्कशास्त्र. मग मी तुरटीचं प्रमाण वाढवायचं का, याचा विचार करत बसलो.

२८ मार्च

काल धुळवड. मी घरी होतो. व्यायामशाळेतले आठ-दहा तरणे पोरगे भिंतीवरून चढून आत गेले आणि रंग धुवायला हौदात उतरले. रंग, चिखल, शेण, आणि दोघांनी भांगेची ओकारीसुद्धा तिथेच केली. आज पाणी जांभळं आहे. कडेने फेस.

काठावर बसलो आणि मला खरंच रडू आलं. या गावात ज्याची मला शिसारी आली नाही असा एकही माणूस राहिलेला नाही. चिटणीस हौदात पानाची पिचकारी मारतात आणि मला विचारतात, "कधी स्वच्छ होणार?" सेठजींना किड्यांची काळजी. पोरांना ओकायला जागा हवी. मी एकटा या नरकात उभा आहे.

मुन्शीपालटीच्या आरोग्य खात्यातून विहिरीत टाकायची पांढरी पूड मिळते. त्याने पाण्यातलं सगळं मरतं म्हणतात.

मरू दे.

२ एप्रिल

पूड आणली. भल्या सकाळी कोणी नसताना चार बादल्यांत कालवून टाकली. वास असा, की डोळ्यांतून पाणी. उखर्डूला सांगितलं, तोंड उघडशील तर बघ.

३ एप्रिल

पाणी जवळजवळ पारदर्शक झालं आहे. आणि त्यावर मेलेले बेडूक. इतके असतील असं वाटलं नव्हतं. पाय ताणून, पांढरी पोटं वर करून. मासे कडेला एका रेषेत लागलेले. पाणकिडे, अळ्या, सगळ्यांचा राखाडी थर. एक बेडूक अजून पूर्ण मेला नव्हता. पायरीवर चढायचा प्रयत्न करत होता आणि घसरत होता.

मी हे हवं म्हणून केलं. आता किळस कशाची यायची, तेच कळेना.

इतक्यात फाटकाशी सेठजी. कोणी सांगितलं देव जाणे. ते रागावतील, ओरडतील असं वाटलं. ते आले आणि पहिल्यांदाच हौदाच्या अगदी जवळ आले. पण पाहत होते ते बेडकांकडे. त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "असेच वर येतात. मेल्यावर वर येतात."

मी म्हणालो, "सेठजी, माझी चूक झाली. पण पाणी बघा, किती..."

"किल्ली द्या," ते म्हणाले.

किल्ली दिली. त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. किल्ली भोकात बसेना, कुलूप मला धरावं लागलं.

१२ एप्रिल, पाडवा

हौद बंद. सेठजी उपवास करताहेत, असं चिटणीस म्हणाले. त्या बेडकांसाठी. चिटणीसांनी असंही सांगितलं की कमिटी अखाजीपर्यंत वाट पाहील. सुंदरने गुढी उभारली. मी कडुनिंबाचं पान चघळलं आणि दिवसभर झोपून राहिलो.

अमळनेरला पत्र टाकावं का? पण माझ्या जागेवर दुसरा आला आहे.

१४ एप्रिल

सेठजींच्या घरून बोलावणं आलं. मला वाटलं निरोप द्यायला. पण सेठजी नव्हतेच. सुगनबाईंनी बोलावलं होतं. भिकमचंदची विधवा. त्या आतल्या दाराच्या पडद्यामागे बसल्या, मी ओसरीवर. मोलकरीण मध्ये.

"मास्तरजी," पडद्यामागून आवाज आला. स्पष्ट, तरुण आवाज. "आमच्या घरी पाणी कसं भरतात, माहीत आहे?"

"नाही."

"दुहेरी कपड्यातून गाळतात. मग तो कपडा उलटा करून, त्याच विहिरीच्या पाण्याने धुऊन, ते पाणी पुन्हा विहिरीत सोडतात. हळू, दोरीने, पाण्याला लागेपर्यंत. कपड्यात अडकलेला जीव आपल्या ठिकाणी परत जातो. त्याला जिवाणी म्हणतात. हौदासाठी असं करता येत नाही का?"

मी म्हणालो, "बाई, घागर वेगळी, हौद वेगळा. शिवाय कपड्याने किडे थांबतील, गढूळपणा थांबणार नाही."

"मग गढूळपणा कशाने थांबतो?"

"वाळूने. वाळूचे थर करून त्यातून झिरपवलं तर. बडोद्याला तसं पाहिलंय मी."

"मग आधी कपडा, मग वाळू," त्या म्हणाल्या, जणू स्वयंपाकातली गोष्ट. मग म्हणाल्या, "करून दाखवा. जीव मेला, हे कारण राहिलं नाही, की त्यांच्याजवळ नाही म्हणायला काहीच उरणार नाही."

"सेठजी नाही म्हणतच नाहीत," मी म्हणालो. "त्यांनीच तर बांधलाय."

मोलकरणीने किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली.

२१ एप्रिल

पुन्हा हौद रिकामा. मेलेल्यांचा थर सडून असा झाला होता की उखर्डूसुद्धा बाहेर जाऊन ओकला. जो माणूस त्या पाण्याने चूळ भरतो तो! मला वाईट वाटायच्या ऐवजी समाधान वाटलं. निदान एकाला तरी किळस आली.

तळ आणि भिंती घासल्या, चुना लावला, पुन्हा घासल्या.

२९ एप्रिल

मोरीच्या अलीकडे तीन टाक्या खणून बांधल्या. पहिलीच्या तोंडाशी लाकडी चौकट आणि तिच्यावर जाड खादीचा दुहेरी पडदा. सुगनबाईंनी स्वतः शिवून पाठवला, कडेने दुहेरी टीप. दुसरीत गोटे आणि खडी. तिसरीत लोणारी कोळसा, त्यावर नदीची वाळू, धुऊन धुऊन पांढरी केलेली. रोज दोनदा पडदा काढायचा, उलटा करून पाटाच्याच पाण्याने धुवायचा आणि ते पाणी खालच्या अंगाला पाटात सोडायचं. पडद्यावर रोज काहीतरी चिकट साचतं. बोटाने पुसलं तर शेंबडासारखं. त्यातही काहीतरी हलत असतं. मी तोंड फिरवून धुतो, पण धुतो.

टाकीतून पाणी सुतासारखं येतं. हौद भरायला किती दिवस लागतील, कोण जाणे. अखाजी जवळ येतेय.

७ मे

आज हौद भरला. लिहिताना हात थांबत नाही.

तळ दिसतो. खोल टोकाचा तळ. गिलाव्यावर गवंड्याच्या थापीच्या खुणा आहेत, त्या काठावरून मोजता येतात. मी उतरलो. पायाखाली गाळ नाही, कडेला बुळबुळ नाही. तोंडात पाणी घेतलं, घाबरत घाबरत, तर पावसाच्या पाण्यासारखी चव. पाठीवर पडून राहिलो. या गावात आल्यापासून पहिल्यांदा मला कशाचाच वास आला नाही.

संध्याकाळी सेठजींना घेऊन चिटणीस आले. सेठजींनी टाक्या पाहिल्या, पडदा पाहिला, जिवाणी कशी सोडतो ते विचारलं. मग लांबूनच हौद पाहिला. आणि म्हणाले, "फार सुंदर झालं, मास्तरजी. आता असंच राहू द्या. कोणी उतरायला नको. उतरले की घाण होईल. एक निर्मळ पाणी गावात असू द्या, बस. कठडा बांधून घेऊ."



मी ओरडलो. सेठजींसारख्या माणसावर ओरडलो. "मी बघायला पाणी केलं का? महिनोन् महिने त्या घाणीत उभा राहिलो, अंगाला वास, बायको जवळ बसू देईना, ते कठडा बांधायला? मला नाही राहायचं इथे. दुसरा माणूस शोधा."

"किती खोल आहे हे," सेठजी स्वतःशीच म्हणाले.

पुन्हा तेच! किती वेळा सांगायचं?

८ मे

किल्ली पेढीवर पाठवून दिली आणि सामान बांधायला घेतलं. सुंदर अखाजीला माहेरी जायचं म्हणून खूश व्हायला हवी होती. झाली नाही. म्हणाली, "त्याले दोष देऊ नका. तुम्हीन फक्त पानी देखतस."

मी काय पाहावं मग?

९ मे

सकाळी शिट्टी आणि टॉवेल आणायला हौदावर गेलो. फाटक उघडंच होतं. सेठजी एकटेच खोल टोकाशी, अगदी काठावर उभे. पायात जोडा नव्हता. हातात पितळेचा लोटा. मला पाहून म्हणाले, "बरं झालं आलात."

आणि त्यांनी लोटा हौदात टाकला.

तो डुलत डुलत खाली गेला, तळाला टेकला, थोडा घरंगळला आणि थांबला. उन्हात चमकत होता.

"दिसतो," सेठजी म्हणाले. "तुम्हाला दिसतो?"

"दिसतो."

"काढा."

मला हा काय खेळ आहे ते कळेना. पण माणूस म्हातारा, त्यातून मी परवाच ओरडलेला. कपडे काढून सूर मारला, लोटा आणून दिला. त्यांनी तो दुसऱ्या कोपऱ्यात टाकला. "दिसतो. काढा." मग मधोमध. मग भिंतीलगत, सावलीत. प्रत्येक वेळी आधी वाकून नीट पाहायचे, मग "दिसतो" म्हणायचे. मला धाप लागली. म्हणालो, "सेठजी, कुठेही टाका, दिसेल. सुई टाकलीत तरी दिसेल."

त्यांनी लोटा बाजूला ठेवला. "आता लोटा नको. तुम्ही जा. खाली जाऊन पडून राहा. जमेल तेवढा वेळ."

गेलो. तळाला पाठ टेकली आणि डोळे उघडले. वर आकाशाचा हलणारा तुकडा. त्याच्या कडेला पांढरी पगडी, तिच्याखाली चेहरा, इतका वाकलेला की पडतील असं वाटलं. त्यांचा हात हलत होता. मी छाती फुटायची वेळ येईपर्यंत राहिलो.

वर आलो तेव्हा ते फरशीवर बसले होते. पगडी मांडीवर. डोक्याचे पांढरे केस घामाने चिकटलेले.

"खालून मी दिसत होतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ओळखू येत होतो? कोण आहे ते?"

"हो, सेठजी. चेहरा स्पष्ट दिसत होता. तुम्ही हात हलवत होता."

"मी हाक मारत होतो," ते म्हणाले.

मी काठाला धरून पाण्यातच राहिलो. त्यांनी बऱ्याच वेळाने डोळे पुसले, मग अंगरख्यातून किल्ली काढून काठावर, माझ्या हाताजवळ ठेवली आणि अनवाणीच चालत फाटकातून बाहेर गेले. जोडे निंबाखाली राहिले होते. उखर्डूच्या हाती पाठवून दिले.

सामान सोडायला सांगितलं. सुंदरने लगेच गाठी सोडायला घेतल्या.

१३ मे, अखाजी

उद्घाटन झालं. चिटणीसांचं भाषण लांबलं. उन्हात सगळे भाजून निघाले. भाषण संपायच्या आधीच मागच्या पोरांनी उड्या मारल्या आणि मग कोणी कोणाचं ऐकेना.

संध्याकाळपर्यंत पाण्यावर खोबरेल तेलाचा तवंग. सणाचा दिवस, सगळ्यांनी डोकी चोपडून घेतलेली. एकाने नाक शिंकरलं, त्याला कानाला धरून बाहेर काढला. एक जण हातात पुरणपोळी घेऊन पायरीवर बसला होता, तुकडे पाण्यात. उद्यापासून फाटकाशी शिकेकाई आणि घागर. अंग आणि डोकं धुतल्याशिवाय कोणाला आत सोडणार नाही, मग तो चिटणीसांचा भाचा असला तरी.

दुपारी भिंतीबाहेर सेठजींच्या घरचा पडद्याचा टांगा येऊन उभा राहिला होता. आतून कोणी उतरलं नाही. पोरांचा कल्लोळ चालू होता. टांगा बराच वेळ थांबला, मग गेला.

सेठजींनी खोल टोकाशी खुर्ची टाकून घेतली होती. सकाळपासून उठले नाहीत. पाणीसुद्धा तिथेच प्यायले. दिवस मावळायला आल्यावर मी शिट्टी मारली, पोरं ओरडत, कुडकुडत बाहेर आली, टॉवेल, धोतरं, गोंधळ.

"सगळे वर आले?" सेठजींनी विचारलं.

"आले, सेठजी. मी पाहिलंय."

तरी ते खुर्चीच्या हातांना धरून उठले, काठाशी आले आणि वाकले. मीही त्यांच्याशेजारी वाकलो. तवंगाखाली पाणी अजून स्वच्छ होतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आम्ही दोघांनी सावकाश पाहिलं.

तळ मोकळा होता.